गावाचे वाचनालय आणि गावाचा इतिहास : पार्श्वभूमी

चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पुस्तकांची देवघेव चालते, तसेच कोकणच्या जुन्या जीवनाची ओळख करून देणारे वस्तुसंग्रहालयही आहे. १८६४ साली स्थापन झालेल्या याच वाचनालयाने जानेवारी २०१३ मध्ये ८६ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद स्वीकारले होते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालयही पुस्तकांच्या जोडीला पोथ्या आणि जुन्या वस्तू सांभाळत आले आहे. वाचनालयाने संग्रहालय का चालवावे, व्याख्याने का ठेवावीत, मोडी या जुन्या मराठी लिपीचे वर्ग का घ्यावेत, असा प्रश्न अनुदानाच्या कागदांवर नजर ठेवणाऱ्याला पडू शकतो. त्याचे उत्तर मराठी मुलखात वाचनालये कशी उभी राहिली, यात आहे.

महाराष्ट्रातील जुन्या वाचनालयांची स्थापनावर्षे एकापुढे एक मांडली तर एक सरळ रेषा दिसते. रत्नागिरीच्या वाचनालयाचे स्थापनावर्ष १८२८ सांगितले जाते, अहमदनगरचे १८३८, नाशिकचे १८४०, पुण्याचे १८४८ आणि कोल्हापूरचे १८५०. कंपनी सरकारच्या किंवा संस्थानच्या कारभाराची ही ठाणी होती. तेथे कचेरी होती, इंग्रजी शिकलेला एक लहानसा वर्ग तयार होत होता आणि आपल्या हाताखालच्या लोकांनी वाचावे असे वाटणारे काही गोरे अधिकारीही होते. त्यामुळे आरंभी यांपैकी अनेक संस्थांची नावे ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ अशी होती आणि कपाटांत इंग्रजी पुस्तकेच अधिक होती, कारण छापील मराठी पुस्तके तोवर मोजकीच निघाली होती. ही वाचनालये वर्गणीवर चालत. ज्याला अक्षरओळख आणि वर्गणी दोन्ही परवडत होत्या त्याच्यासाठीच ती खुली होती. स्त्रिया आणि ज्यांना शाळेचीच दारे बंद होती असे समाज त्या काळच्या ‘जनरल’ या शब्दात मोडत नव्हते, हे या इतिहासात स्पष्टपणे लिहिले पाहिजे. पुढे या संस्थांनी आपली नावे बदलून ‘नगर वाचनालय’, ‘नगर वाचन मंदिर’, ‘सार्वजनिक वाचनालय’ अशी केली, तेव्हा नावाबरोबर एक जबाबदारीही त्यांच्या अंगावर आली आणि ती पुरी करायला त्यांना बरीच दशके लागली.

पुण्याच्या वाचनालयाच्या उभारणीत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचा पुढाकार होता. त्याच १८४८ साली भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकातून समाजसुधारणेविषयीची त्यांची शतपत्रे प्रसिद्ध होऊ लागली, आणि तीस वर्षांनी, १८७८ मध्ये, न्यायमूर्ती रानडे यांच्यासह पुण्यात पहिली ग्रंथकार सभा भरविण्यातही तेच होते. पुस्तक जमवणे, त्याविषयी लोकांशी बोलणे आणि ते लिहिणाऱ्यांना एकत्र बसवणे ही या पिढीच्या लेखी एकाच कामाची तीन अंगे होती. रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. ती काही वाचनालयाची शाखा नव्हती, पण तिचा साचा गावोगावच्या वाचनालयांनी उचलला. उन्हाळ्याच्या किंवा थंडीच्या दिवसांत सलग काही संध्याकाळी, रोज एक वक्ता, अध्यक्षस्थानी गावातील एखादी जाणती व्यक्ती, समोर सतरंजीवर आणि खुर्च्यांवर श्रोते, आणि शेवटी कार्यवाहांचे आभारप्रदर्शन, हा क्रम महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी वाढलेल्या माणसाला पाठ असतो. आज ज्याला समाजासाठीचे उपक्रम म्हणतात, त्यांचे मराठीतले मूळ रूप हेच आहे.

स्थानिक इतिहास या परंपरेत थोडा उशिरा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. १ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. मराठीत छापलेले पुस्तक, ते कोणत्याही विषयाचे असो, जपून ठेवायचे हा त्यामागचा संकल्प होता. ‘नेटिव्ह’ वाचनालयांच्या इंग्रजी कपाटांनंतर साठ-पासष्ट वर्षांनी उचललेले हे पाऊल मला या साऱ्या कहाणीतले सर्वांत महत्त्वाचे वळण वाटते, कारण येथे वाचण्याइतकेच जतन करण्यालाही मोल आले. संस्थापकांपैकी विनायक लक्ष्मण भावे यांनी पुढे जुन्या मराठी काव्याच्या पोथ्या मिळवून त्या छापण्याचे काम अनेक वर्षे नेटाने केले. ठाण्यापाठोपाठ १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले.

त्याच १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. राजवाडे गावोगाव हिंडले, देशपांडे-कुलकर्ण्यांच्या माळ्यांवरचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, सोडवून पाहिले आणि उधईने खाल्लेले, पावसाने भिजलेले कागद उतरवून घेतले. मराठ्यांचा इतिहास राजधानीच्या दफ्तरांप्रमाणेच वतनदाराच्या घरातही पडून आहे, हे त्यांच्या पायपिटीने सिद्ध झाले. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि अशा कागदांना एक कायमचे घर मिळाले. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. त्यांच्या मागे राहिलेला संग्रह धुळेकरांनी बाहेर जाऊ दिला नाही. १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले आणि पुढे ‘संशोधक’ हे नियतकालिकही चालवले. पुणे-मुंबईपासून दूर असलेल्या एका व्यापारी शहराने स्वतःच्या बळावर हे केले, याची नोंद व्हावी तितकी होत नाही.

वाचनालयाच्या छायेत संशोधन कसे वाढते याचे दुसरे उदाहरण मुंबईचे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने १९४८ मध्ये मराठी संशोधन मंडळ सुरू केले आणि मूळचे गोव्याचे असलेले अ. का. प्रियोळकर यांच्याकडे त्याची धुरा दिली. हस्तलिखिते ताडून पाहून संहिता निश्चित करण्याची प्रियोळकरांची काटेकोर पद्धत आणि मुद्रणाच्या इतिहासावरील त्यांचे काम यांमागे ग्रंथसंग्रहालयाच्या कपाटांचा आधार होता.

सत्तेने या कामात लक्ष घातले ते प्रथम संस्थानांत. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून १९१० च्या सुमारास मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि पेटीतून फिरणारी पुस्तके अशी जोडलेली रचना उभी केली. त्या संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण आधीच सुरू झाले होते. शाळेतून बाहेर पडलेले मूल वाचायला विसरू नये, हा या खटाटोपामागचा साधा विचार होता. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयांसाठी कायदा केला. मुंबई इलाख्यात १९३९ मध्ये आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंतची उतरंड आखून दिली. महायुद्धामुळे ती योजना काही काळ कागदावरच राहिली.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम संमत झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. मद्रास किंवा म्हैसूरप्रमाणे या कायद्याने ग्रंथालय कर बसवला नाही, आणि वाचनालये सरकारच्या ताब्यातही घेतली नाहीत. वाचनालय चालवायचे ते स्थानिक मंडळींच्या संस्थेने, शासनाने दर्जा ठरवून परिरक्षण अनुदान द्यायचे, असा मार्ग निवडला. गावाने वर्गणीतून उभारलेली संस्था गावाच्याच हाती राहावी, हा त्यातला चांगला भाग होता. अनुदानामुळे हजारो खेड्यांत वाचनालयाची पाटी लागली, हेही खरे. पण अ, ब, क, ड हा दर्जा ठरतो तो मुख्यतः ग्रंथसंख्या, नियतकालिके, सभासद, उघडे राहण्याचे तास आणि कर्मचारी यांवरून. गावातील एखाद्या बंद पडलेल्या साप्ताहिकाची फाईल वाचनालयाने पन्नास वर्षे जपली, तर ते काम या मोजमापात ठळकपणे दिसत नाही. संग्रहालय, मोडीचे वर्ग, जुन्या छायाचित्रांचे प्रदर्शन, वाड्यांची आणि बारवांची (पायऱ्यांच्या जुन्या विहिरींची) सहल हे सारे म्हणूनच एखाद्या तळमळीच्या ग्रंथपालावर किंवा कार्यवाहावर अवलंबून राहते. माणूस निवृत्त झाला की काम थांबते.

शेजारच्या गोव्याची वाट वेगळी आहे आणि ती मराठी वाचकाने समजून घ्यावी अशी आहे. पणजीचे ग्रंथालय १८३२ मध्ये पोर्तुगीज राजवटीनेच सुरू केले. काही वर्षांतच ख्रिस्ती धर्मसंघ बरखास्त झाल्यावर त्यांच्या मठांतली पुस्तके तेथे आली. सोळाव्या शतकात मराठीत कृष्णचरित्र लिहिणाऱ्या कृष्णदास शामा यांचे नाव आज त्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला आहे. गोव्याविषयीची पुस्तके आणि जुनी वृत्तपत्रे तेथे स्वतंत्र विभागात जपली जातात. सरकारी संस्था असल्यामुळे स्थानिक इतिहास हा तेथे कुणाच्या हौसेचा भाग राहिलेला नाही, नेमून दिलेले काम झाला आहे. महाराष्ट्रातल्या कार्यकारिणींनी तेथून घ्यावे ते हेच, असे मला वाटते.

आपल्याकडे घेण्यासारखा ऐवज कमी नाही, आणि त्यातला पुष्कळसा वाचनालयाच्या स्वतःच्याच दफ्तरात आहे. जुन्या वाचनालयाची दाखल नोंदवही उघडून पाहावी. दाखल क्रमांक, दिनांक, ग्रंथकार, ग्रंथाचे नाव, प्रकाशक, किंमत आणि शेवटी शेरा, असे तिचे रकाने असतात. किमतीच्या रकान्यात रुपये-आणे-पै आहेत. शेऱ्याच्या रकान्यात कुठे ‘जीर्ण’, कुठे ‘गहाळ’, कुठे कुणा वकिलाच्या किंवा व्यापाऱ्याच्या स्मरणार्थ ‘देणगी’. अशी एक वही मी मन लावून चाळली, तेव्हा तांबूस शाईतला मजकूर काही पानांवर मोडी वळणाचा होता आणि मग एकाएकी शाळेत शिकवतात तसा बाळबोध, म्हणजे देवनागरी, झाला होता. लिहिणारा कारकून बदलला होता आणि त्याच्याबरोबर पिढीही. वर्गणीदारांच्या यादीत पहिले स्त्रीनाव कोणत्या वर्षी येते, दलित वस्तीतला पहिला सभासद कधी होतो, बालविभाग कधी उघडतो, व्याख्यानमालेत शेतीवर पहिले भाषण कधी ठेवले जाते, याची उत्तरे वार्षिक अहवालांत आणि सभांच्या इतिवृत्तांत असतात. गावाचा शंभर वर्षांचा सामाजिक इतिहास इतक्या सलग स्वरूपात क्वचितच दुसरीकडे सापडेल.

हे कागद तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात असतात आणि वाचनालये बहुतेक जुन्या बाजारपेठेत, म्हणजे पुष्कळदा नदीकाठी असतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरले आणि हजारो ग्रंथ गेले. चिपळूणने २६ जुलै २००५ चा पूर पाहिला आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचे पाणी पुन्हा शहरात आले. दोन्ही वेळा वाचन मंदिराची पुस्तके भिजली आणि दोन्ही वेळा चिपळूणकरांनी ते पुन्हा उभे केले. भिजलेली कादंबरी पुन्हा विकत मिळते, देणगीदारही मिळतात. नोंदवही, इतिवृत्त आणि गावच्या साप्ताहिकाची फाईल यांची प्रत बहुधा एकच असते, म्हणून आधी वरच्या मजल्यावर हलवायची आणि आधी स्कॅन करून ठेवायची ती हीच कपाटे.