स्टॅटिक सायकलवरचा कॅलरी अंदाज

स्टॅटिक सायकलवरचा कॅलरी अंदाज : एका जागी उभ्या असलेल्या व्यायामाच्या सायकलवर पेडल मारताना शरीराने किती ऊर्जा खर्च केली याचा हिशोब लावायच्या पद्धती. पद्धत नाही, पद्धती, कारण तोच माणूस, तोच अर्धा तास, तरी चार रीतींनी मोजला की चार आकडे येतात आणि त्यातला कोणता धरायचा इथेच सगळा घोळ आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की अंबाझरी, फुटाळ्याकडे फिरायला जाणारे बरेच जण सकाळी सातनंतर बाहेर पडतच नाहीत, मग कूलरसमोर घरातली सायकल नाहीतर जिमची, आणि नजर त्या छोट्या डिस्प्लेवर. म्हणून हा आकडा येतो कुठून ते नीट समजलं पाहिजे.

आपण बोलताना जिला कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी, म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. हा शब्द कोणाचा यावर मतभेद आहेत. जुन्या ग्रंथांत बरेचदा फाव्र आणि सिल्बरमान यांचं नाव येतं, १८५२ च्या आसपासचं, पण त्याआधी पॅरिसमध्ये निकोला क्लेमां आपल्या व्याख्यानांत हा शब्द वापरत होता, साधारण १८१९ ते १८२४ च्या दरम्यान, आणि एक किलो पाणी एक अंशाने तापवणारी उष्णता हाच अर्थ घेत होता. क्लेमांचं पारडं जड वाटतं. सायकलचंही तसंच आहे. लंडनच्या फ्रान्सिस लाउंड्सचं १७९६ चं जिम्नॅस्टिकॉन हे पहिलं यंत्र असं काही ठिकाणी लिहितात, पण त्यात काम मोजायची सोय नव्हती, त्यामुळे मोजणारी सायकल म्हणजे एर्गोमीटर म्हटलं की १८९६ च्या सुमाराचा फ्रान्समधला बुनी आणि मग १९१३ चा डेन्मार्कचा ऑगस्ट क्रोग, ज्याने विजेच्या चुंबकाचा ब्रेक लावला, इथून धरणं जास्त बरं.

सगळ्यात जास्त वापरात असलेली रीत म्हणजे मेट. सूत्र सोपं : मेट गुणिले वजन किलोत गुणिले तास. १ मेट म्हणजे शांत बसलेल्या माणसाचा खर्च, दर किलोला दर मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन, म्हणजे ढोबळ मानाने तासाला किलोमागे १ कॅलरी. आता हा ३.५ आला कुठून? एक मत असं की तो ७० किलोच्या, ४० वर्षांच्या एकाच पुरुषाच्या मोजणीवरून घेतला आणि पुढे सगळ्यांनी तोच उचलला. दुसरीकडे मेट हा शब्द १९४१ मध्ये गॅग, बर्टन आणि बॅझेट यांनी शरीर आणि हवा यांच्यातल्या उष्णतेच्या देवाणघेवाणीसाठी मांडला होता, त्यात वजन नव्हतंच, त्वचेच्या दर चौरस मीटरला तासाला ५० कॅलरी असं होतं. म्हणजे नाव एकीकडून आलं आणि आकडा दुसरीकडून चिकटला असं मानायला जागा आहे आणि तेच जास्त पटतं. २००५ मध्ये बर्न आणि सहकाऱ्यांनी साडेसातशेहून जास्त लोकांची विश्रांतीतली मोजणी केली तेव्हा सरासरी ३.५ नाही, २.६ च्या आसपास आली. म्हणजे ज्या पायावर सगळा गुणाकार उभा आहे तो पायाच बऱ्याच लोकांसाठी थोडा फुगलेला आहे.

मेटच्या तक्त्याला कंपेंडियम म्हणतात, १९९३ मध्ये एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी काढलं, मग २०००, २०११ आणि २०२४ मध्ये सुधारलं. त्यात स्टॅटिक सायकलला वॅटप्रमाणे, म्हणजे पेडलवर दर सेकंदाला किती काम होतं त्याप्रमाणे, आकडे आहेत. गंमत नाही, नीट बघण्यासारखी गोष्ट आहे की २००० च्या तक्त्यात १०० वॅटला ५.५ मेट होते आणि २०११ मध्ये ९० ते १०० वॅटला ६.८ झाले. भारतीय आहारशास्त्रात २०२० पासून संदर्भ पुरुष ६५ किलोचा धरतात, तो घेतला तर अर्ध्या तासाचे २००० च्या तक्त्याने १७९ आणि २०११ च्या तक्त्याने २२१. सायकल तीच, पाय तेच, तक्ता बदलला.

वॅटची रीत यापेक्षा पक्की आहे. १०० वॅटने अर्धा तास म्हणजे १८० किलोज्यूल यांत्रिक काम. शरीर जेवढी ऊर्जा जाळतं त्यातला साधारण पाचवा ते चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोचतो, बाकी उष्णता होऊन जातो, आणि १ कॅलरी ४.१८४ किलोज्यूलची असल्यामुळे कार्यक्षमता २४ टक्के धरली तर किलोज्यूल आणि कॅलरी जवळजवळ सारख्याच येतात, १८० ला १८०. सायकलवाले लोक हाच शॉर्टकट वापरतात. पण हलक्या जोरावर कार्यक्षमता कमी भरते कारण बसल्या बसल्या जो खर्च चालू असतो तो पण त्यात मोजला जातो, म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं सूत्र वेगळं जातं : १०.८ गुणिले वॅट भागिले वजन, अधिक ७, हा मिनिटाचा किलोमागचा ऑक्सिजन मिलिलिटरमध्ये, आणि एक लिटर ऑक्सिजनला सुमारे ५ कॅलरी. ६५ किलोला १०० वॅटवर अर्ध्या तासाचे २३०.

इथे वजनाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि तो नेहमी सुटतो. सायकलवर वजन सीट उचलते, पाय नाही, त्यामुळे चालण्याधावण्यासारखा वजनाचा फरक इथे पडत नाही. वॅटच्या सूत्राने ५५ किलोचा माणूस २२० आणि ८५ किलोचा २५१, फरक ३१ चा. २०११ च्या ६.८ मेटने तेच १८७ आणि २८९, फरक १०२ चा. जड माणसाला मेट जास्त देतं आणि हलक्याला कमी, आणि वजन कमी करायला बसलेला माणूस बहुतेक जडच असतो, म्हणजे ज्याला खरा आकडा सगळ्यात जास्त हवा त्यालाच चुकीचा मिळतो.

आता घरातली स्वस्तातली सायकल. चाकावर नाहीतर क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यावर, एक छोटा चुंबक असतो, तो सेन्सरजवळून गेला की एक टिक, बस इतकंच यंत्राला कळतं. जोर वाढवायचा नॉब एका तारेने ब्रेकचा पट्टा नाहीतर चुंबक पुढेमागे करतो, डिस्प्लेला त्याचा पत्ता नसतो. त्यामुळे नॉब एकदम ढिला करून भराभर पाय फिरवले तर कॅलरी जास्त दिसतात आणि घट्ट करून दम लागेपर्यंत हळू मारलं तर कमी, अगदी उलटं. तपासायला सोपं आहे, वेग तोच ठेवा, नॉब फिरवा, कॅलरी चढायचा वेग बदलला नाही तर तुमच्या यंत्राला जोर दिसत नाही आणि तो आकडा फक्त फेऱ्यांचा आहे असं समजा. त्यातून वजन भरायची सोय नसेल तर कंपनीने आधीच धरलेलं वजन लागतं, ते आणखी वेगळं.

हृदयाच्या ठोक्यांवरून काढायची रीत घड्याळांमुळे पसरली. केटेल आणि सहकाऱ्यांचं २००५ चं सूत्र प्रसिद्ध आहे, त्यात पुरुषाला मिनिटाला १० ठोके वाढले की दर मिनिटाला सुमारे दीड कॅलरी वाढते, अर्ध्या तासात ४५. नागपूरच्या उन्हाळ्यात अडचण हीच. गरम खोलीत रक्त त्वचेकडे वळतं, घाम जातो, मग तेवढ्याच वॅटला ठोके वाढत जातात, काम वाढलेलं नसतं पण घड्याळ वाढवून सांगतं. घामाचाही तसाच गैरसमज आहे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० कॅलरी उष्णता अंगावरून जाते, पण ती गेलेली उष्णता आहे, जाळलेलं जेवण नाही, आणि जुलैत हवा दमट झाली की घाम वाळत नाही, टपकतो, कूलरचाही उपयोग राहात नाही, तेव्हा तर अंग थंड पण होत नाही. चक्कर, मळमळ वाटली तर आकडा पूर्ण करत बसू नका, उतरा.

प्रत्यक्ष मोजायचं तर श्वासाचा ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजून वेअरच्या १९४९ च्या सूत्रात घालतात, प्रयोगशाळेत हेच प्रमाण मानतात. वरचे सगळे आकडे एकूण खर्चाचे आहेत हे पण लक्षात ठेवायचं. ६५ किलोचा माणूस तो अर्धा तास नुसता बसला असता तरी मेटच्या हिशोबाने ३२ ते ३३ कॅलरी गेल्याच असत्या, म्हणजे २३० मधले व्यायामाचे १९७ च्या आसपास. तर्रीवरच्या तेलाचा एक मोठा चमचा साधारण १२० चा असतो, जेवणातून वजा करायचं तर हा १९७ घ्यावा, डिस्प्लेवरचा नाही.

पंख्याच्या एअर बाईकवर हवेचा विरोध असतो, फिरण्याचा वेग दुप्पट केला की लागणारी ताकद जवळपास आठपट होते, तिथे हातही चालतात आणि नुसत्या पायांच्या सायकलसाठी काढलेली वरची सूत्रं तशीच लावता येत नाहीत.