आमवात आणि दिव्यांग दाखला: गोव्यात अर्ज नेमका कुठे अडतो

आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आहे एवढ्यावर दिव्यांग दाखला मिळत नाही. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात २१ प्रकार दिलेले आहेत, त्यांत या आजाराचे नाव नाही. अर्ज करायचा तो लोकोमोटर डिसॅबिलिटी, म्हणजे हालचालीच्या दिव्यांगत्वाखाली. यादीत ‘दीर्घकालीन चेताविकार’, म्हणजे मेंदू-मज्जातंतूंचे जुने आजार, असाही एक पर्याय आहे. आजार जुना आहे म्हणून सायबर कॅफेवाला तो निवडून मोकळा होतो आणि मग कागद भलत्याच तज्ज्ञाकडे जातात. फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेत असाल तर ही एक ओळ स्वतः वाचा.

जून २०२१ पासून दाखला फक्त यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या देशव्यापी ओळखपत्राच्या, स्वावलंबन पोर्टलवरूनच निघतो. आधार, अलीकडचा फोटो, पत्त्याचा पुरावा आणि सहीचा किंवा अंगठ्याचा फोटो लागतो. बोटे वाकल्यामुळे सही दर वेळी वेगळी येत असेल तर सरळ अंगठा द्या, आणि बँकेतही तसेच नोंदवून घ्या, नाहीतर पुढे पैसे काढताना तीच अडचण येते. आधार केंद्रावर बोटांचे ठसे उमटत नसतील तर डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवता येते. ऑपरेटर आपणहून सांगेलच असे नाही, तुम्ही सांगा.

अर्ज राहत्या जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळाकडे जातो. पत्ता पुराव्यावर असेल तोच धरतात. फोंडा तालुका २०१५ पासून दक्षिण गोव्यात आहे, तरी अजून कोणी ना कोणी उत्तर गोव्याचे म्हापशाचे इस्पितळ निवडतो. ज्या सरकारी इस्पितळात त्या दिव्यांगत्वावर उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत, तिथल्या मंडळाकडेही अर्ज करायची सोय नियमात आहे. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, वर्षानुवर्षे जाणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी, कारण तुमची जुनी फाईल तिथेच असते.

टक्के कशाचे मोजतात

सर्वांत जास्त नाराजी इथेच होते. लोक ईएसआर, सीआरपी, अँटी-सीसीपी या रक्ततपासण्यांच्या रिपोर्टांची जाड फाईल घेऊन मंडळापुढे बसतात. त्या रिपोर्टांवरून आजार सिद्ध होतो, टक्का ठरत नाही. नुसत्या वेदनेवरूनही टक्का ठरत नाही. हे क्रूर वाटते आणि आहेही, पण मोजमापाचे नियम असेच आहेत: सांधा किती वाकतो, स्नायूंत किती जोर उरला आहे आणि रोजची कामे जमतात का.

हातासाठी दहा कामे पाहतात. डोक्यावरची वस्तू उचलणे, हाताने जेवणे, केस विंचरणे व वेणी घालणे, शर्ट किंवा कुर्ता घालणे, पेल्याने पाणी पिणे, बटणे लावणे, नाडी बांधणे, लिहिणे अशी. प्रत्येकाला ९ टक्के. पंजाची पकड आणि चिमूट वेगळी तपासतात. पायांसाठी सपाटीवर व उतारावर चालणे, जिने चढणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे, गुडघे टेकणे, वळणे. तेव्हा ‘फार त्रास होतो हो, डॉक्टर’ म्हणून काही साधत नाही. ‘नाडी सून बांधते, नळाची तोटी फिरत नाही, न्हाणीघरात खाली बसले तर उठवावे लागते’ असे सांगा. मंडळापुढे नेटके दिसण्यासाठी ओढूनताणून काम करून दाखवायची सवय, विशेषतः बायकांची, इथे थेट टक्के कापते. जमत नाही ते जमत नाही म्हणावे.

सोबत हातापायांचे एक्स-रे आणि ऑर्थोपेडिक (हाडांच्या) किंवा ऱ्हुमॅटॉलॉजी (संधिवाताच्या) तज्ज्ञाचे पत्र न्या. पत्रात प्रत्येक सांध्याची हालचाल अंशांत लिहिलेली हवी आणि बोटांचे वाकडेपण कायमचे आहे हे स्पष्ट हवे. नुसते ‘रुग्णाला आमवात आहे’ असे पत्र मंडळाच्या काही उपयोगाचे नाही.

दोन अवयवांच्या टक्क्यांची साधी बेरीज होत नाही, हे तर कोणी सांगतच नाही. मोठा आकडा तसाच ठेवतात. ९० मधून तो वजा करून उरलेल्या संख्येने लहान आकड्याला गुणतात, ९० ने भागतात आणि ते मोठ्यात मिळवतात. एका हाताचे २५ आणि दुसऱ्याचे १५ आले तर घरचा हिशेब ४० होतो, मंडळाचा ३५.८. बहुतेक सवलतींची रेघ ४० वर आहे. ३० आणि २० असतील तर ४३.३, म्हणजे रेघेच्या पलीकडे. म्हणून ‘दुखणारे मुख्य सांधे’ तेवढेच दाखवून चालत नाही. खांदा, कोपर, मनगट, घोटा, जे जे अडले आहे ते ते तपासायला सांगा.

कळकळीची सूचना: सूज दिसावी म्हणून तपासणीआधीचे काही दिवस औषधे बंद करू नका. सूज तात्पुरती असते, ती मोजत नाहीत. उपचाराने जेवढी सुधारणा व्हायची तेवढी झाल्यावर उरलेले नुकसानच धरतात. आणि बराच काळ चाललेले प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड अचानक सोडणे जिवावर बेतू शकते.

दाखला नाकारला तर कारण लेखी मिळाले पाहिजे. तोंडी ‘बसत नाही’ ऐकून घरी येऊ नका. लेखी कारण हातात असले तरच कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करताना बोलायला काही राहते.

दयानंद सामाजिक सुरक्षा योजना

कार्ड आले म्हणजे पैसे सुरू होतात हा गैरसमज. दरमहा साहाय्य देणारी दयानंद योजना राज्याची आहे, तिचा अर्ज वेगळा. गाडी अडते ती १५ वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर. तो मामलेदार देतो, तलाठ्याची चौकशी होते. सावंतवाडी-दोडामार्गहून लग्न होऊन पेडणे-डिचोलीत आलेल्या, आजारपणामुळे नोकरीही न केलेल्या बाईकडे स्वतःच्या नावाचे काय असते? घर सासऱ्यांच्या नावावर, वीजबिल दिराच्या. अशा वेळी मुलांचे गोव्यातले जन्मदाखले, त्यांच्या शाळेच्या नोंदी, रेशनकार्ड, जुन्या मतदार याद्यांतले नाव, इस्पितळाचे जुने केसपेपर असे वर्षावार लावून द्या. मधली चार वर्षे रिकामी असली की प्रश्न येतो, म्हणून आधी गाळलेली वर्षे शोधा.

दुसरी अडचण नावाची. आधारवर माहेरचे नाव, गोमेकॉच्या फाईलवर सासरचे, बँकेत तिसरेच. ही सगळी नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडता येते, पण शक्यतो यूडीआयडीचा अर्ज करण्याआधीच आधार आणि बँक एक करून घ्या. कार्ड छापून आल्यावर दुरुस्तीला पुन्हा फेऱ्या.

उत्पन्नाचा दाखलाही लागतो. त्यात घरातल्या सगळ्यांचे उत्पन्न धरून दरडोई आकडा काढतात, तेव्हा कुटुंबातली माणसे दाखल्यावर नीट मोजलेली आहेत ना, ते पाहा.

कार्डावरचा पट्टा पांढरा असेल तर ४० पेक्षा कमी, पिवळा ४० ते ८० च्या आत, निळा ८० व त्यावर. पांढरे कार्डही खरेच असते, पण त्यावर ही योजना मागू नका, अर्ज परत येईल. रेल्वेची सवलतही पिवळ्या कार्डाने आपोआप मिळत नाही. ती सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्यांसाठी आहे आणि त्यासाठी सरकारी डॉक्टरचे ठरावीक नमुन्यातले वेगळे प्रमाणपत्र लागते.

दाखल्यावर ‘तात्पुरता’ लिहिले असेल तर खालची तारीख बघा. आमवातात सुधारणा शक्य असल्याचे धरून मंडळ मुदतीचा दाखला देऊ शकते. तारीख उलटली की त्याच्या आधारावर चालणारे साहाय्यही अडकते, आणि नूतनीकरणालाही तपासणी असतेच. मुदतीच्या तीन-चार महिने आधी ताजे एक्स-रे काढून अर्ज टाका.