ताप १०४, पण कसला?

थर्मामीटर दोघांनाही १०४ दाखवतो. एक जण मलेरियाची हुडहुडी भरून दोन गोधड्यांखाली कुडकुडतोय. दुसरा मे महिन्यात चंद्रपूरला भर दुपारी स्लॅबचं काम करताना कोसळलाय. अंग तव्यासारखं तापलंय आणि काहीबाही बरळतोय. पहिल्याचा ताप पॅरासिटामॉलने तासाभरात उतरायला लागतो (मलेरिया अर्थातच त्याने जात नाही). दुसऱ्याला तीच गोळी दिली तर काडीचाही उपयोग होत नाही, उलट मोलाची मिनिटं वाया जातात. आकडा तोच, मग असं का? याचं उत्तर मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीच्या बरोबर वर असलेल्या, जेमतेम चार ग्रॅमच्या हायपोथॅलॅमसमध्ये आहे.

हायपोथॅलॅमस शरीराच्या आतलं वातावरण, म्हणजे तापमान, पाणी वगैरे, सांभाळतो. या सांभाळण्याला वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. मराठीत त्याला समस्थिती म्हणतात. शब्द जरा फसवा आहे, कारण आत काहीच एका जागी खिळलेलं नसतं. धडधाकट माणसाचं तापमानही पहाटे सर्वांत कमी आणि दुपार कलल्यावर सर्वांत जास्त असतं, फरक अर्ध्या ते एक अंश सेल्सिअसचा. संध्याकाळी ९९ दिसलं की ‘अंगात कसर आहे’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

हायपोथॅलॅमसच्या अगदी पुढच्या भागात काही चेतापेशी अशा आहेत की रक्त किंचित तापलं तरी त्या भराभर संदेश सोडू लागतात. शिवाय त्वचेतल्या चेतातंतूंकडून बाहेरची खबर आधीच येत असते. या तंतूंच्या टोकाला उष्णता ओळखणारं जे प्रथिन असतं, त्यालाच मिरचीतलं कॅप्सायसिनही चिकटतं. म्हणून झणझणीत रस्सा ओरपताना कपाळावर घाम येतो: अंग तापलेलं नसतं, पण मेंदूला खबर ‘तापलं’ अशीच गेलेली असते. हे प्रथिन शोधणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या नोबेलचे एक मानकरी होते.

खबर मिळाली की हायपोथॅलॅमस दोन कामं करतो. पहिलं, त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैल सोडतो. एरवी त्वचेतून मिनिटाला पाव ते अर्धा लिटर रक्त फिरतं; कडक उन्हात ते सहा-सात लिटरपर्यंत जाऊ शकतं. दुसरं, घाम. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सगळी मेख त्या ‘वाळला तर’मध्ये आहे. नागपूरच्या कोरड्या हवेत माठातलं पाणी गार होतं तसं मुंबईत होत नाही, आणि घामाचं गणित माठासारखंच आहे. दमट हवेत घाम नुसता निथळतो. पाणी आणि मीठ जातं, उष्णता आतच राहते. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या उघड्या मैदानावर उष्माघाताने माणसं दगावली तेव्हा पारा ३८ च्या आसपासच होता.

घामग्रंथींना हुकूम पोचवणारे चेतातंतू अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन वापरतात. ते अडवलं की घाम बंद. धोतऱ्याच्या बिया खाल्लेल्या मुलाचं अंग कोरडं आणि तापलेलं लागतं ते यामुळेच. पार्किन्सनवरची काही औषधं आणि सर्दीच्या काही जुन्या गोळ्यासुद्धा सौम्य प्रमाणात हेच करतात. अशी औषधं चालू असलेल्यांनी उन्हाळ्यात डॉक्टरांना एकदा विचारावं.

हायपोथॅलॅमसकडे दुसरीही एक वही असते, पाण्याची. घामातून जितकं पाणी जातं तितक्या प्रमाणात मीठ जात नाही, म्हणून रक्त घट्ट, खारट होत जातं. हा खारटपणा एक-दोन टक्क्यांनी वाढला तरी तिथल्या पेशी आक्रसतात. लगेच व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडं पाणी परत खेचू लागतात. लघवी कमी आणि गडद पिवळी होते. थोड्याच वेळात तहान लागते. गंमत अशी की प्यायलेलं पाणी रक्तात मिसळायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, पण तहान घोटागणिक विझत जाते. तोंड, घसा आणि जठर यांच्या संदेशांवर भरवसा ठेवून मेंदू पाणी आगाऊच जमा धरतो. उतारवयात हीच तहान मंदावते, म्हणून आजी-आजोबांना ‘तहान लागली की प्या’ हा सल्ला उन्हाळ्यात पुरत नाही.

आता या दोन वह्यांचं भांडण. पाणी कमी पडलं आणि अंगही तापलं, तर घाम काढायचा की पाणी राखायचं? अशा वेळी हायपोथॅलॅमस घामाला हात आखडता घेतो. पुरेसं पाणी प्यायलेल्या माणसाला ज्या तापमानाला घाम सुटेल, त्याच तापमानाला तहानलेल्याला सुटत नाही. त्याचं अंग आणखी तापू दिलं जातं. वर त्वचेकडे वळवलेल्या रक्तामुळे रक्तदाब घसरू लागतो, म्हणून त्वचेचं रक्तही आवरावं लागतं. सकाळपासून घोटभरही पाणी न पिता काम करणारा माणूस त्याच उन्हात शेजारच्याआधी का पडतो, त्याचं कारण हे आहे. नवख्याला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्यात रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी करायला लावणं म्हणूनच धोक्याचं.

मलेरियाच्या रुग्णात काय होतं ते अगदी उलट आहे. संसर्गाशी लढणाऱ्या पेशींच्या इशाऱ्यावरून प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं रसायन तयार होतं आणि हायपोथॅलॅमस आपलं लक्ष्यच ३७ अंश सेल्सिअसवरून ३९-४० वर नेतो (४० म्हणजेच थर्मामीटरवरचे १०४ फॅरनहाइट). आता ३८ सुद्धा त्याला थंड वाटतं, म्हणून कुडकुडणं, गार हातपाय, गोधड्या. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिन बनणं रोखतं, लक्ष्य खाली येतं आणि मग घाम फुटतो. उष्माघातात लक्ष्य ३७ वरच असतं. यंत्रणा ते गाठायला जिवाचा आटापिटा करून हरलेली असते. गोळीला बदलण्यासारखं काही उरलेलंच नसतं, आणि तापलेल्या यकृतावर तिचा भार मात्र पडतो.

म्हणून ऊन लागलेला माणूस बरळू लागला, अडखळू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर घाम आहे की नाही हे पाहत बसू नये. कष्टाचं काम करताना पडलेल्याचं अंग घामाने ओलं असू शकतं. १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत थंड करणं सुरू ठेवावं. सावलीत आणून कपडे काढावेत, भरपूर पाणी ओतत राहावं आणि जोरात वारा घालावा. मोठं टाकं किंवा टब जवळ असेल तर डोकं वर धरून मानेपर्यंत गार पाण्यात बसवणं सर्वांत जलद. पहिल्या अर्ध्या तासात तापमान ३९ च्या खाली यायला हवं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये, ते फुप्फुसात जातं. उशीर झाला तर तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतल्या पेशी कायमच्या मरू शकतात आणि वाचलेला माणूस पुढे झोकांड्या खात चालतो.

दवाखान्यात तापमान ३९ च्या थोडं खाली आलं की थंड करणं थांबवतात, कारण आतली उष्णता त्यानंतरही काही वेळ उतरतच राहते. तोवर रुग्णाला थंडी वाजायला लागली, तर हायपोथॅलॅमस पुन्हा कामाला लागलाय असं समजायला हरकत नाही. फक्त त्या कुडकुडण्यातूनही उष्णताच तयार होते, तेव्हा थर्मामीटरवरची नजर हटवायची नाही.