न्यू जर्सीतलं डे-केअर, बाळाची फ्लूची लस आणि डिसेंबरचं विमान

डिसेंबरात पुण्या-मुंबईला जाऊन जानेवारीत परतलेली बाळं डे-केअरच्या दारातून माघारी पाठवली जातात, ती बहुधा एका कागदापायी. फ्लूची लस घेतली का, हे विमान कंपनी विचारत नाही, भारतात उतरतानाही कोणी विचारत नाही. विचारतं ते न्यू जर्सी राज्य.

नियम असा: परवाना असलेल्या डे-केअर किंवा प्रीस्कूलमध्ये जाणाऱ्या ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाला दरवर्षी १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळात फ्लूचा किमान एक डोस मिळालेला हवा. नसेल तर डोस घेईपर्यंत किंवा ३१ मार्चपर्यंत घरी. फी बहुतेक ठिकाणी चालूच राहते. वैद्यकीय किंवा धार्मिक कारणाने सूट मिळते, पण ती लेखी द्यावी लागते.

आता खरी गोची. राज्याला एक डोस पुरतो, बाळाला पुरत नाही. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच फ्लूची लस देताना किमान २८ दिवसांच्या अंतराने दोन डोस लागतात. सगळे दुसऱ्या डोसला ‘बूस्टर’ म्हणतात आणि बूस्टर म्हणजे जमलं तर घ्यायचा, अशी समजूत करून घेतात. तो लशीचा उरलेला अर्धा भाग आहे. त्यानंतर संरक्षण यायला साधारण दोन आठवडे जातात. म्हणून तिकिटावरून उलटं मोजा. विमान १८ डिसेंबरला असेल तर दुसरा डोस ४ डिसेंबरपर्यंत आणि पहिला ६ नोव्हेंबरपर्यंत. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे वेळ मिळणं मुश्कील, तेव्हा पहिला डोस घेऊन निघतानाच दुसऱ्याची अपॉइंटमेंट पक्की करा. औषधाच्या दुकानावरच्या ‘फ्लू शॉट’ पाटीवर विसंबू नका, तान्ह्यांना तिथे सहसा देत नाहीत.

दुसरा डोस हुकलाच तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको. अंतर वाढलं म्हणून आधीचा डोस वाया जात नाही. पहिला असो की दुसरा, डोस भारतातही घेता येतो, पण मग कागद नीट आणा.

कारण डे-केअरमध्ये अडतं ते तिथेच. भारतातल्या लसीकरण कार्डावर नुसता स्टिकर असतो, कधी तारीख नाही, कधी सही नाही. त्याहून वाईट म्हणजे तारीख लिहायची पद्धत. ०५/११ म्हणजे आपल्याला ५ नोव्हेंबर, न्यू जर्सीतल्या कारकुनाला ११ मे. मे महिना नियमाच्या बाहेर, कागद नामंजूर. बरं, ‘ही भारतीय पद्धत आहे’ हे खिडकीशी समजावत बसून काही होत नाही. डॉक्टरांच्या लेटरहेडवर इंग्रजीत पासपोर्टप्रमाणे नाव, जन्मतारीख, लशीचं नाव, बॅच नंबर आणि महिना अक्षरात लिहिलेली तारीख घ्या, वर सही-शिक्का. त्याचा फोटो न्यू जर्सीतल्या बालरोगतज्ज्ञांना लगेच पाठवा, म्हणजे परत येईपर्यंत नोंद झालेली असेल.

पावसाळ्याआधी मे-जूनमध्ये भारतात घेतलेली लस वैद्यकीयदृष्ट्या कितीही योग्य असली तरी सप्टेंबर ते डिसेंबरच्या चौकटीत बसत नाही. आणि कार्डावर ‘हिमोफिलस इन्फ्लुएन्झी बी’ दिसलं की फ्लूची लस झाली असं समजू नका. ती पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लशीतली हिब, एका जिवाणूविरुद्धची. फ्लू हा विषाणू. या एका नावाने कितीतरी आईबाबांना फसवलंय, आणि फॉर्म छापणाऱ्यांना अजून ते सुचत नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देतच नाहीत. त्याच्याबरोबर विमानात बसणाऱ्या आई-बाबांनी आणि भारतात त्याला मांडीवर घेणाऱ्या आजी-आजोबांनी स्वतः टोचून घ्यायची, तीही निदान दोन आठवडे आधी.