गुलाबी ऑक्टोबराबाहेरच्या बायका

ऑक्टोबर उजाडला की गोव्यात स्तनकर्करोगाच्या जागृतीला भरती येते. 2021 साली सरकारने क्रिकेटपटू युवराज सिंग यांच्या यूवीकॅन संस्थेला सोबत घेऊन 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' हा उपक्रम सुरू केला. एक लाख बायकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य. काम चांगलंच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण 'लवकर ओळखा, बऱ्या व्हा' हा निरोप ज्यांचा आजार आधीच हाडांत किंवा यकृतात पोचलाय त्यांच्या काही कामाचा नाही. उलट वाड्यावर लगेच कुजबूज होते, 'वेळेवर दाखवलं नसेल.' प्रत्यक्षात अनेकींनी वेळेवर दाखवलेलं असतं, ऑपरेशन आणि केमो नीट पार पडलेली असते. हार्मोनवर पोसणारा प्रकार तर दहा-पंधरा वर्षांनीही परततो.

गंमत अशी, की स्तनकर्करोगाची आजची औषधं ज्यांच्यावर आधी सिद्ध झाली त्या बहुतेक याच बायका. 1896 मध्ये ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी 'लॅन्सेट'मध्ये एका 33 वर्षांच्या बाईची हकिगत छापली. शस्त्रक्रियेनंतर छातीवर पुन्हा पसरलेल्या गाठी तिचे बीजांडकोश काढल्यावर विरल्या. हार्मोनचा आणि या रोगाचा संबंध असा पहिल्यांदा हाती लागला. 1971 मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी टॅमॉक्सिफेन या हार्मोन रोखणाऱ्या गोळीचा पहिला अहवाल दिला, तोही आजार पुढे गेलेल्या 46 जणींवरचा. पुढे हीच गोळी सुरुवातीच्या टप्प्यातल्या लाखो बायकांच्या रोजच्या डब्यात गेली.

रुग्णांनी स्वतः आवाज चढवला तो ट्रॅस्टुझुमॅबच्या वेळी. हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेल्या (हर-टू पॉझिटिव्ह) गाठींवरचं हे औषध नव्वदच्या दशकात चाचणीत होतं. कॅलिफोर्नियातल्या मार्टी नेल्सन या स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. चाचणीबाहेर औषध मिळावं म्हणून त्या जेनेन्टेक कंपनीकडे मागत राहिल्या, ते न मिळताच 1994 मध्ये गेल्या. त्यानंतर ब्रेस्ट कॅन्सर अॅक्शन या रुग्णांच्या संघटनेतल्या बायका गाड्या घेऊन थेट कंपनीच्या आवारात घुसल्या. कंपनीला बोलणी करावी लागली, मर्यादित का होईना, चाचणीबाहेरच्या रुग्णांना सोडत काढून औषध देण्याची सोय झाली. 1998 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही आधी पसरलेल्या आजारासाठीच.

याच काळात स्तनकर्करोगाच्या जागृतीचं चिन्ह असलेली गुलाबी फीत जगभर गेली, पण तिच्यावर चेहरा झळकला तो 'जिंकलेल्या' बाईचा. जिचा उपचार कधी संपणारच नाही ती कुठल्या स्टेजवर उभी राहणार? 2009 मध्ये अमेरिकेत 13 ऑक्टोबर हा दिवस खास पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी जाहीर झाला. महिन्याच्या एकतीस दिवसांतला एक! 2011 पासून लिस्बनला प्रगत स्तनकर्करोगाची परिषद भरू लागली. एकेकाळी गोव्याचा कारभार जिथून हाकला जाई, त्या शहरात आता उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या मंडळात डॉक्टरांच्या शेजारी रुग्णही बसतात.

भारतात लढाई मुख्यतः किमतीची झाली. ट्रॅस्टुझुमॅबचा वर्षाचा कोर्स तेव्हा कित्येक लाखांचा होता. 2012 च्या अखेरीस ते परवडणाऱ्या दरात मिळावं म्हणून मोहीम उभी राहिली, 2013 मध्ये पेटंटधारक रोश कंपनीने इथल्या पेटंटवरचा हक्क सोडला आणि वर्षअखेर बायोकॉन या भारतीय कंपनीच्या पर्यायी औषधाला मान्यता मिळाली. मग आल्या रायबोसिक्लिब, पॅल्बोसिक्लिब यांसारख्या, कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखणाऱ्या सीडीके इन्हिबिटर गोळ्या. 2022 मध्ये केरळातली एक निवृत्त बँक कर्मचारी रायबोसिक्लिबच्या दरावरून उच्च न्यायालयात गेली. महिन्याच्या उपचारातले 58,140 रुपये एकट्या या औषधाचे होते. सुनावणी चालू असतानाच ती गेली, पण न्यायालयाने प्रकरण बंद न करता स्वतःहून पुढे चालवलं. पॅल्बोसिक्लिबचं पेटंट 2023 च्या जानेवारीत संपलं, भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि दर झपाट्याने उतरले. आज फोंड्याची किंवा डिचोलीची एखादी बाई 21 दिवस गोळी आणि 7 दिवस सुटी अशा फेऱ्यांत घर चालवते ती या उतरलेल्या दरामुळे. रक्त तपासल्याशिवाय पुढची फेरी नाही. सुटीचा आठवडा चवथीत बसेल का, हे ती डॉक्टरांना आधीच विचारून ठेवते. कॅपेसिटाबीन या केमोच्या गोळीवर असलेल्यांची तऱ्हा वेगळी. तळहात सोलतात, आदोळीवर बसून नारळ खवणं नको होतं आणि कधी बोटांचे ठसे इतके पुसट होतात की आधारचं यंत्र बोटच ओळखत नाही.

गोव्यापुरतं बोलायचं तर एक मोठा काळ 'कॅन्सर' म्हटलं की मुंबईचं टाटा, हेच समीकरण होतं. कोकण रेल्वेने 1998 मध्ये तो प्रवास सुसह्य केला, एवढंच. आता बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, बरेचसे उपचार होतात, आणि 2016 च्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं, मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं कवच आहे. वेदना आवरेनाशा झालेल्यांसाठी लोटलीला शांती अवेदना सदन आहे. पण पसरलेल्या आजाराची बाई आता दुखणं सांभाळून वर्षानुवर्षं जगते, आणि या मधल्या वर्षांची जबाबदारी कोणा एका खात्याची नाही. कुठली गोळी कोणत्या योजनेत बसते, कागद कुठे द्यायचे, सासरच्यांना किती सांगायचं हे तिला कळतं ते बहुधा ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेल्या, दोन वर्षं पुढे असलेल्या दुसऱ्या रुग्णाकडून. रुग्णांची बाजू मांडणारी कार्यकर्ती इथे घडते ती अशीच, कुठल्याही नेमणुकीशिवाय.

अशा किती बायका आहेत, हा साधा प्रश्न मात्र तिलाही अडवतो. देशात कर्करोग नोंदणीचा राष्ट्रीय कार्यक्रम ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे, पण त्यात मोजला जातो नवा रुग्ण आणि मृत्यू. बरा होऊन पाच वर्षांनी हाडांत परतलेला आजार त्यात वेगळा दिसत नाही. अमेरिकेतही हीच अडचण होती. तिथल्या संशोधकांनी गणिताने अंदाज काढला, तेव्हा 2017 मध्ये दीड लाखाहून जास्त बायका पसरलेल्या आजारासह जगत असल्याचं निघालं आणि त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणींचं पहिलं निदान आधीच्या टप्प्यांतलं होतं. खाटा, मॉर्फिन, गोळ्यांचा साठा हे सगळं अशा आकड्यांवरून ठरतं. म्हणून गोव्यातल्या रुग्णांनी पहिली मागणी नोंदवहीत या एका रकान्याची करावी, असं मला वाटतं. तिला फारसा खर्चही नाही.