24 तास थांबायचा नियम नाहीच

ऑनलाइन ओळख झालेल्या मित्राला भेटायला मुलगी सकाळी लोणावळ्याला गेली. संध्याकाळी परतायची होती, रात्र झाली, फोन बंद. अशा वेळी घरात हमखास कुणीतरी म्हणतं, "24 तास झाल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत."

हे साफ खोटं आहे. अशी मुदत भारतातल्या कोणत्याही कायद्यात नाही. काळजी वाटली की लगेच 112 ला फोन करा किंवा जवळचं पोलीस ठाणं गाठा. बेपत्ता व्यक्ती 18 वर्षांखालची असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या आदेशानुसार थेट गुन्हाच नोंदवायला हवा. प्रौढांची 'मिसिंग' नोंद होते. अपहरणाचा संशय असेल तर गुन्हा. तेव्हा 'आमची हद्द नाही' ही सबबही चालत नाही: 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र (पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात अशा) गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते.

थांबण्यात नुकसानच आहे. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, माणूस मात्र काही तासांत दुसऱ्या राज्यात पोचतो.

मुलं अशा भेटी लपवतात ती ओरडा बसेल म्हणून. पालकांनो, भेटीला हरकत घेण्याआधी मित्राचा नंबर आणि ठिकाण तेवढं विचारून ठेवा.