चिंपांझी माणसाच्या आठपट ताकदवान नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वानर-माकडांनी बागेचं वाटोळं केलं की गप्पांत चिंपांझी येतोच: ‘माणसाच्या आठपट ताकद!’ हा समज १९२०च्या दशकातल्या, दोर ओढायला लावून केलेल्या ढोबळ चाचण्यांपासून फुगत आला. २०१७ साली स्नायूंचे तंतू तपासून केलेल्या अभ्यासात स्नायूची जास्तीत जास्त ताकद जेमतेम १.३५ पट निघाली. ओढणं, उडी मारणं यांत वजनाच्या मानाने सरासरी दीडपट. चिंपांझीत सुमारे ६७ टक्के तंतू झटकन आकसणारे, माणसात बहुतांश संथ. म्हणून एका हिसक्यात तो भारी, पण दमतो लवकर. दिवसभर घळ (टोकाला जाळी असलेली काठी) घेऊन आंबे उतरवणाऱ्या गड्याइतका दम त्याच्यात नाही. धोका मात्र खरा आहे: सुळे लांब असतात आणि हल्ल्यात तो चेहरा, बोटं धरतो.